दुखण्याच्या गोळीचा ठसा

वेचणीच्या दिवसांत दर्यापूर, अकोट किंवा तेल्हाऱ्याकडच्या एखाद्या गावात संध्याकाळी मेडिकलसमोर घटकाभर उभे राहावे. चिठ्ठी कुणाजवळ नसते. ‘कंबर लय दुखून राह्यली, एखांदी गोळी द्या’ एवढ्यावर काम भागते. दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून देतो, आणि कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव येतेच असे नाही. त्यात डायक्लोफिनॅक असेल, ॲसिक्लोफिनॅक असेल, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असतील. घेणारीला त्याच्याशी कर्तव्य नसते. सकाळी पुन्हा कमरेला ओटी बांधून वावरात जायचे असते.

हे पुस्तक त्या गोळीकडे रसायनशास्त्राच्या टेबलावरून पाहते. गोळी पोटात गेली, जनावराला टोचलेल्या इंजेक्शनातून यकृतात गेली, सांडपाण्यातून नाल्यात गेली, किंवा कुणी लबाडीने ‘आयुर्वेदिक’ पुडीत मिसळली, तर तिला हुडकून काढायचे कसे? आणि तेही अमरावती-अकोल्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेला झेपेल अशा रीतीने? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे रेणूचा ठसा घेतलेले पॉलिमर. एकमेव उत्तर नव्हे. पण आपल्या भागाच्या ऐपतीशी सगळ्यात जास्त जुळणारे, असे माझे मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

मोजणे हे मुळात अवघड काम नाही. शुद्ध डायक्लोफिनॅक सोडियम मिथेनॉलमध्ये विरघळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये धरले की २७६ नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसते. बी.एस्सी.चा विद्यार्थी त्याचा आलेख काढतो, सरळ रेषा येते, जर्नलवर सही होते. पण खरा नमुना शुद्ध कधीच नसतो. पन्नास मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये औषध सापडते ते एक-दोन मायक्रोग्रॅम, आणि त्यातलेही नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले. यकृतात चरबी, प्रथिने, रंगद्रव्ये. पुडीत हळद, गुग्गुळ, शल्लकी. या गर्दीतला प्रत्येक जण अतिनील प्रकाश थोडाफार शोषतोच, आणि मग २७६ वर दिसणारे शिखर कुणाचे हे ठरवता येत नाही. म्हणून आधी वेगळे करणे, मग मोजणे. विश्लेषण करणाऱ्याचा वेळ, पैसा आणि संयम यांतला मोठा वाटा पहिल्या कामात जातो.

वेगळे करण्याची रूढ पद्धत म्हणजे छोट्या नळीत सिलिकाची पूड भरून तिच्यातून नमुना गाळणे. त्या पुडीच्या कणांवर अठरा कार्बनांच्या साखळ्या लावलेल्या असतात. तिला तेलकट ते सगळे आवडते. औषधही धरते आणि औषधासोबतचा कचराही धरते. तो कचरा पुढे ओळखून बाजूला काढायचा, तर महागडे यंत्र लागते. ज्या प्रयोगशाळेत द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर आहे, तिला पूड थोडी बावळट असली तरी चालते. ज्यांच्याकडे तो नाही, आणि येत्या दहा वर्षांत येण्याची चिन्हेही नाहीत, त्यांनी हुशारी पुडीतच घालायला हवी.

ती कशी घालायची हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. पावसानंतर काळ्या मातीत बैलाचा खूर रुततो, वर चार दिवस ऊन पडते, आणि ठसा तसाच टणक होऊन बसतो. त्यात दुसरा खूर नीट बसत नाही. रेणूच्या बाबतीत खुराच्या जागी औषधाचा रेणू आणि मातीच्या जागी पॉलिमर बनणारी द्रावणे असतात. फरक एवढा की मातीतल्या ठशाला नुसता आकार असतो. पॉलिमरमधल्या ठशाला धरण्याच्या जागाही असतात, कारण द्रावणातले छोटे रेणू टणक होण्याआधीच औषधाच्या रेणूभोवती आपापल्या आवडीच्या बाजूंनी जमलेले असतात. डायक्लोफिनॅकच्या कार्बोक्झिलिक गटाशी अशा छोट्या रेणूतल्या पिरिडिनचा नायट्रोजन जाऊन लागतो. मग सगळे गोठवायचे, औषध धुऊन काढायचे, आणि मागे राहिलेल्या पोकळीत पुन्हा तेच औषध ओळखीने येऊन बसते.

या कल्पनेचा इतिहास थोडा गमतीचा आहे. १९३१ साली सोव्हिएत संशोधक पॉल्याकोव यांना सिलिका जेलमध्ये अशा ‘आठवणी’ची चाहूल लागली. पुढे लायनस पॉलिंग यांनी १९४० साली मांडले की शरीरातली प्रतिपिंडे परक्या रेणूभोवती गुंडाळून आकार घेत असावीत. हे साफ चुकीचे निघाले. पण त्या चुकीच्या सिद्धांतावरून त्यांचा विद्यार्थी फ्रँक डिकी याने १९४९ साली मिथिल ऑरेंज आणि त्याच्या भाऊबंद रंगांच्या सान्निध्यात सिलिका बनवून पाहिली, आणि ज्या रंगासोबत सिलिका बनली तोच रंग ती जास्त धरते असे दाखवले. १९७२ मध्ये जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी सेंद्रिय पॉलिमरमध्ये हे करून दाखवले. त्यांची रीत सहसंयुज बंधांची, अचूक पण खटपटीची. १९८१ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्लाउस मोसबाख आणि अर्शादी यांनी बंध न बांधता, नुसत्या हायड्रोजन बंधांवर आणि विद्युतभारांच्या ओढीवर भागवले. आज जगभर जे चालते ते बहुतांशी हेच, कारण ते करायला सोपे आहे. मोसबाख यांच्या गटाने १९९३ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की थिओफिलीन आणि डायझेपाम यांची रक्तद्रवातली मोजणी प्रतिपिंडांऐवजी अशा पॉलिमरने करता येते.

दुखण्याची औषधे या विषयात फार लवकर आली. १९९४ साली मारिया केंपे आणि मोसबाख यांनी नेप्रॉक्सेनचा ठसा घेतला. नेप्रॉक्सेनचे दोन रेणू एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात आणि औषध म्हणून त्यातला एकच विकला जातो. त्याच एकाचा ठसा घेऊन बनवलेल्या पॉलिमरने ही दोन भावंडे वेगळी केली. दुसऱ्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतून मॉर्फिनच्या ठशाचे पॉलिमर आले, मेंदूतल्या अफूग्राही जागांची नक्कल म्हणून. आणि १९९७ मध्ये लार्स अँडरसन यांनी समेरिडीन या वेदनाशामक भूलद्रव्यासाठी पॉलिमर बनवताना एक व्यवहारी युक्ती वापरली, तिच्याकडे पुढे येतो.

महाराष्ट्र या गोष्टीत उशिरा आला असे मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत करमळकर, मोहन कुलकर्णी आणि रघुनाथ माशेलकर यांनी ठशाच्या तत्त्वावर हायड्रोजेल बनवले, जे कायमोट्रिप्सिन या पचनाच्या विकरासारखे काम करते. ते काम १९९६ साली ‘मॅक्रोमोलेक्युल्स’मध्ये छापून आले. ते औषधे वेगळी करण्याविषयी नव्हते, तरी आपल्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असावे. लुंडची नावे पाठ करणाऱ्या आपल्या एम.एस्सी.च्या मुलांना पाषाण रोडवरचे हे काम माहीत नसते, याचे मला नवल वाटत नाही, वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष कृती. तपशील पुस्तकात आहेत; इथे फक्त एका बाटलीची गोष्ट सांगतो. डायक्लोफिनॅक आम्लरूपातले घ्यायचे. गोळीतला सोडियमचा क्षार तसाच घेतला तर तो टोल्युइनमध्ये विरघळत नाही आणि पिरिडिनला धरायला आम्लाचा हायड्रोजनही उरत नाही. एक भाग औषध, चार भाग व्हिनाइलपिरिडिन, वीस भाग इथिलीन ग्लायकॉल डायमेथाक्रिलेट, हे सगळे मोलच्या हिशोबाने, टोल्युइन या द्रावकात. व्हिनाइलपिरिडिनची बाटली उघडली की नाकातोंडात उग्र वास जातो आणि डोळे चुरचुरतात. धुराड्याचा पंखा बंद असेल तर त्या दिवशी काम करू नये. डायमेथाक्रिलेटमध्ये कंपनीने साठवणीसाठी निरोधक घातलेला असतो. तो ॲल्युमिनाच्या नळीतून गाळून काढला नाही, तर मिश्रण वेळेवर घट्ट होत नाही. मग पॉलिमर जुळायला सुरुवात करून देणारे थोडे एआयबीएन, पाच-दहा मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे, झाकण पक्के, आणि साठ अंशांच्या पाण्यात चोवीस तास. या चोवीस तासांत लाइन गेली की पंचाईत. तसेच एआयबीएन फ्रिजमध्येच ठेवावे. मे महिन्यातल्या अकोल्यात, जिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कपाटात ठेवलेली बाटली भरवशाची राहत नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली फोडली की पांढरा टणक गोळा हाती येतो. तो खलात कुटायचा, चाळायचा, साधारण पंचवीस ते पन्नास मायक्रॉनचे कण ठेवायचे आणि बारीक धूळ ॲसिटोनमध्ये वर तरंगत ठेवून ओतून टाकायची. निम्म्याच्या आसपास माल या धुळीत जातो. तक्रार करून उपयोग नाही. मग सॉक्सलेटमध्ये मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल नऊ-एक प्रमाणात घेऊन धुणे. किती वेळ? घड्याळाला विचारू नये, स्पेक्ट्रोफोटोमीटरला विचारावे. धुवणाचे २७६ वरचे शिखर नाहीसे होईपर्यंत. नंतर नुसत्या मिथेनॉलने आम्ल काढून टाकायचे आणि पूड वाळवायची.

ही पूड शंभर मिलिग्रॅम, प्लास्टिकच्या सिरिंजच्या नळीत, वर-खाली जाळी बसवून. झाले उपकरण. वीज नको, साधा हाताचा दट्ट्या पुरतो. प्रतिपिंडांना जनावर लागते, शीतपेटी लागते. ही पूड बरणीत वर्षानुवर्षे राहते, आम्ल-उष्णता सोसते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. रक्तद्रव असेल तर आधी ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिने साकळवावी लागतात, म्हणजे अल्ब्युमिनने धरलेले औषध सुटते. नमुना ओतला, जे औषध नाही ते योग्य द्रावकाने धुतले, मग मिथेनॉलमध्ये जरासे आम्ल घालून औषध सोडवले. जे खाली उतरते ते साध्या एचपीएलसीवर, कधी कधी नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही मोजता येते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतल्या चांगल्या विज्ञान आणि फार्मसी महाविद्यालयांत ही दोन्ही यंत्रे मिळतात. म्हणूनच मी म्हणतो की ही पद्धत आपल्या ऐपतीची आहे.

दोष झाकून ठेवले तर प्रस्तावनेची जाहिरात होते, म्हणून तेही सांगतो. पहिला दोष: ठसा घेतलेले औषध कितीही धुतले तरी थोडे आत अडकून राहते आणि पुढे महिनोन्महिने झिरपते. मायक्रोग्रॅमच्या खालचे मोजायचे असेल तर हे झिरपणे म्हणजे खोटा पुरावा. अँडरसन यांची युक्ती इथे कामाला येते. ज्याचा शोध घ्यायचा त्याचा ठसा घ्यायचाच नाही, त्याच्या जवळच्या नातलगाचा घ्यायचा. झिरपले तरी ते नातलग असते आणि आलेखात वेगळे दिसते. डायक्लोफिनॅकसाठी मेफेनॅमिक आम्ल वापरून पाहण्यासारखे आहे, दोघांच्या बांधणीत दोन वलये आणि मधला नायट्रोजन सारखा आहे. मात्र पाळीच्या दुखण्यावरची गोळी म्हणून मेफेनॅमिक आम्ल आपल्याकडे घरोघरी असते, त्यामुळे माणसाच्या रक्ताच्या नमुन्यात ही निवड अंगलट येऊ शकते. दुसरा दोष: टोल्युइनमध्ये जन्मलेले पॉलिमर पाण्यात गोंधळते, कारण पाणी स्वतःच हायड्रोजन बंधांच्या जागा बळकावते. तिसरा: सगळे ठसे सारखे नसतात. काही उत्तम, बरेच अर्धवट. आणि पॅरासिटामॉलसारख्या औषधाला कार्बोक्झिलिक गटच नाही, त्याला पिरिडिनचा उपयोग नाही. त्याच्यासाठी मेथाक्रिलिक आम्ल वगैरे वेगळी मांडणी करावी लागते. एका पुडीत सगळी दुखण्याची औषधे धरू म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

छापील संशोधनाबद्दलही एक तक्रार आहे. या विषयावर हजारो निबंध निघतात. नवे औषध, नवे पॉलिमर, शुद्ध पाण्यात मुद्दाम मिसळलेला नमुना, पंच्याण्णव टक्के पुनर्प्राप्ती, समाप्त. खऱ्या पुडीपर्यंत, खऱ्या यकृतापर्यंत त्यातले फार थोडे जण जातात. आपल्या विद्यार्थ्यांनी ही वाट धरू नये, कारण खरे नमुने आपल्या दाराशी आहेत.

पहिला नमुना गुडघेदुखीच्या पुडीचा. आठवडी बाजारात, यात्रेत, कधी घरपोच, बिनलेबलाच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो आणि गावभर नाव होते. देशभरात औषध प्रशासनाने अशा ‘वनौषधीं’मध्ये डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे वारंवार पकडली आहेत. घेणाऱ्याला वाटते झाडपाला आहे, मग तो सोबत डॉक्टरची गोळीही घेतो आणि मात्रा दुप्पट होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही पुडी म्हणजे परीक्षेतला कठीण प्रश्न. हळदीचा रंग आहे, गुग्गुळाचा चिकटपणा आहे, आणि शल्लकीतली बॉसवेलिक आम्ले तर स्वतः कार्बोक्झिलिक गट बाळगून आहेत, म्हणजे पिरिडिनच्या पहिल्या हाकेला तीही येणार. पण त्यांचा पाच वलयांचा देह डायक्लोफिनॅकच्या पोकळीत मावत नाही. ती वरवर चिकटतात आणि धुण्याचे द्रावक नीट निवडले तर निघून जातात. ते द्रावक कोणते, किती, हे शोधणे हा एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा चांगला प्रकल्प आहे. राज्याच्या औषध प्रयोगशाळांपैकी वऱ्हाडाला जवळची नागपूरची. कोर्टात टिकणारा अहवाल अशा अधिकृत ठिकाणाहूनच यायला हवा, यात वाद नाही. पण कोणत्या पुड्या पुढे पाठवायच्या हे चाळून ठरवायला कॉलेजातली सिरिंज पुरेशी आहे.

दुसरा नमुना गुरांचा. दक्षिण आशियातली गिधाडे नव्वदच्या दशकात झपाट्याने संपली. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये त्याचे कारण दिले: डायक्लोफिनॅक टोचलेल्या गुरांचे मांस. गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडतात आणि युरिक आम्ल अवयवांवर साचते. पुढच्या गणिताने दाखवले की शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी दूषित असले तरी गिधाडांचा ऱ्हास त्या वेगाने होऊ शकतो. भारतात तेव्हा तपासलेल्या यकृतांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ते औषध सापडले होते. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरवर आणली गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक गेले. ॲसिक्लोफिनॅक गायीच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते, म्हणून आपल्या ठशाच्या पुडीत दोघांचाही माग लागतो, हा फायदा. मेलॉक्सिकॅम सुरक्षित ठरले आहे. २०२४ साली हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे ताडोबा आणि पेंचला आणून सोडली. विदर्भात गिधाडे पुन्हा वसवायची, तर भोवतीच्या गावांतल्या मेलेल्या गुरांची यकृते तपासणे हे सततचे काम झाले. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, अमरावतीला रसायनशास्त्र आहे, दोघांच्या मध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही.

तिसरा नमुना माणसाचा, आणि त्यावर मी थोडेच लिहितो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे आणि तिथल्या मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. बोट ठेवले जाते ते खाऱ्या पाण्यावर. गोळ्यांचा हिशोब त्या चर्चेत क्वचित येतो. डायक्लोफिनॅकच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनवरून दाखवले. उन्हात घाम जाऊन शरीर सुकलेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरायला तेच प्रोस्टाग्लँडिन लागते. म्हणजे भर उन्हात निंदण करून रात्री गोळी घेणाऱ्या बाईचा धोका पुस्तकी नाही. खारे पाणी किती दोषी आणि गोळी किती, हे ठरवायला आधी लघवीत आणि रक्तात गोळी मोजावी लागेल. हे काम वैद्यकीय महाविद्यालयाला, नैतिक समितीच्या परवानगीने, सोबत घेऊनच करायचे आहे; कॉलेजच्या मुलांनी परस्पर गावात जाऊन नमुने गोळा करू नयेत.

पुस्तकाची पहिली प्रकरणे तत्त्वाची आहेत. ज्यांना भौतिक रसायन येते त्यांनी ती भराभर वाचावीत. कृतीची प्रकरणे मात्र टेबलाशी उघडी ठेवून वाचायची आहेत. गणिताला घाबरणाऱ्यांनी पूड औषध किती आणि किती घट्ट धरते हे सांगणारा स्कॅचर्डचा आलेख तेवढा शिकून घ्यावा, बाकीचे मागून येते.

शेवटी काम सुरू करणाऱ्यांना एकच विनंती. पहिल्याच दिवशी दोन बाटल्या लावा: एकीत औषध घाला, दुसरीत घालू नका, बाकी सगळे सारखे ठेवा. दुसऱ्या बाटलीतली पूड औषध किती धरते, हा आकडा पहिल्या बाटलीच्या आकड्याशेजारी छापा, तो कितीही गैरसोयीचा असला तरी. तो आकडा ज्या निबंधात नाही, तो आमच्याकडे तपासायला आला तर आम्ही परत पाठवू.